पाणी नको, माती नको

कोत्काच्या सुपरमार्केटात, माझ्या काउंटरच्या उजव्या हाताला
दर नोव्हेंबरात खोक्यांतून येतात
मेणात बुडवलेले ॲमरिलिसचे कंद.
लाल, सोनेरी, काहींना चमकीसुद्धा.
गळ्यात चिठ्ठी: पाणी नको, माती नको, काळजी नको.
फुलतात खरे नाताळाला,
आपल्याच पोटातलं काढून खातात आणि फुलतात.
मी पट्टी दाखवते, मशीन टिक् म्हणतं,
सहा युरो पंच्याण्णव.

सहा जानेवारीनंतर उरलेले टाकायचे.
युक्का म्हणाला, राइली, ओल्या कचऱ्यात नको,
मेण आहे, साध्यात टाक.
मी बावीस टाकले.
तेविसावा कोटाच्या खिशात कसा गेला
ते कोटाला विचारा.

आमच्या भाषेत ह्याला सरदाराचं फूल म्हणतात.
हेअर ड्रायरखाली सरदाराचं चिलखत घामेजलं,
मग नखांनी पापुद्रा पापुद्रा.
आत दिसायला निव्वळ कांदा.
बुडात तार खुपसलेली, नीट उभं राहावं म्हणून,
आणि मुळं जिथून फुटायची
तिथेच सुरी फिरवलेली, सपाट.

तिसऱ्या मजल्यावर विएनो राहायची.
चाळीस वर्षं काचघरात काढलेली बाई,
रिकामी बसली तरी बोटं माती चाचपत असायची.
तिनं तार उपटली, जखमेवर दालचिनी चोळली,
म्हणाली, कुंडी तंग दे, भोवती बोटभर जागा.
खांदे मातीच्या वर राहू देत.
पाणी कडेनं, गळ्याशी नाही.
आणि मांजर येत असेल कुणाचं, तर लांब ठेव, विषारी असतो.
मांजर नाही माझ्याकडे, मी म्हटलं.
बरं, मग तूच चावू नकोस.

पहिलं वर्ष: मार्चमध्ये एक पान.
जीभ दाखवावी तसं दाखवलं आणि गप्प.
दुसऱ्या वर्षी चार.
रोज कामावर निघताना कुंडीला पाव फेरा,
नाहीतर सगळी पानं खिडकीवर लोटतात.
मलाही बोलावलं की जायचं असतं,
माझ्या करारात तास लिहिलेले नाहीत.
उन्हाळाभर बाल्कनी, दर रविवारी खत,
ऑगस्ट सरताना पाणी तोडायचं,
मग खाली तळघरात, स्की आणि मोडक्या स्लेजच्या मधे,
दहा आठवडे अंधार.
अंधाराला इथे पैसे पडत नाहीत.

विएनोला मुलीनं लाहतीला नेलं.
फोनवर पहिला प्रश्न तोच: आला का दांडा?
नाही.
बाजूला पिल्लू फुटलंय का?
एक आहे, लसणाच्या पाकळीएवढं.
मग ठीक चाललंय, म्हणायची, आणि हवामानावर बोलायची.
तिसऱ्या डिसेंबरात काउंटरजवळ पुन्हा खोकी लागली,
सगळे कंद ओळीनं फुललेले, लालभडक,
आणि घरी माझा, तीन पानं आणि ताठा.
मी त्याला एक शब्द बोलले, तो इथे लिहीत नाही.
त्या वर्षी तळघरात न्यायचंही राहून गेलं होतं, खरं सांगायचं तर.

युहान्नुसला गाव ओस पडतं.
ज्यांच्याकडे तळ्याकाठची झोपडी आहे ते तिकडे,
ज्यांच्याकडे नाही ते माझ्यासारखे काउंटरवर.
सॉसेज, कोळसा, बिअर, टिक्, टिक्.
रात्री अकराला परतले तर आकाश दुधाळ,
खाली कुणी नाही, एक झेंडा तेवढा फडफडतोय,
आणि बाल्कनीत,
ज्याला महिनाभर मी जाड पान समजत होते
त्याच्या टोकाला चार फुलं.
मेण लाल होतं, म्हणून मी तीन वर्षं लालच धरून चालले होते.
ही पांढरी. घशात हिरवी.
उजेडाची कुणालाच गरज नाही अशा रात्री
एवढा उजेड.

बसले नाही. कोटसुद्धा काढला नाही.
विएनो जागीच होती, त्या रात्री कोण झोपतं.
रंग तिनं विचारला नाही.
म्हणाली, फुलं गेली की दांडा काप, दोन बोटं ठेवून.
पानांना हात लावू नकोस.
थोडं थांबून म्हणाली, पाणी घातलंस?

घालते, म्हटलं.
मघापासून तेच करत होते,
झारी भरून कधीच वाहू लागली होती.