मामाची जागा

मुहूर्त तिकडं सकाळी नऊ बाराचा,
म्हणजे आमच्या वडगावात रात्री पावणेदोनला तीन मिनिटं कमी.
गल्लीतले माग अकरालाच थांबलेले.
इतकं सामसूम की चार्जरची
बारीक किरकिरसुद्धा ऐकू येत होती.

मी इस्त्रीचा सदरा घातला. टोपी घातली.
मालन म्हणाली, कोण बघूलालंय तुम्हाला?
आणि स्वतः डब्यात नथ शोधत राहिली.

जायचं होतं मीच.
पण जन्मदाखल्यावर बेळगाव, आधारवर बेळगावी,
शाळेच्या दाखल्यात मास्तरांनी लिहिलेलं तिसरंच काहीतरी.
ही तिन्ही गावं एकच
असं सांगणारं पत्र हातात येईपर्यंत
आंब्याचा मोहोर येऊन गळूनही गेला.
माझ्याऐवजी लुगडं गेलं, कुरिअरनं.

शेजारची नीलव्वा आली, उशी घेऊनच.
तिला मंगलाष्टकं कळत नाहीत, तेजू कळते.
तिच्याच ओसरीवर रांगली पोरगी,
पहिल्यांदा पाणी मागितलं ते 'नीरू' म्हणून.

ऑकलंडच्या कुठल्याशा हॉलात
भटजी म्हणाले, मुलीच्या मामांना बोलवा.
इंदूनं इकडंतिकडं बघितलं. भाओजींनी खाली.
मग सिओने नावाचा एक उंच पोरगा,
तेजूच्या ऑफिसातला, टोंगा बेटावरचा,
ज्याच्या हातात मी होतो,
सरळ चालत गेला
आणि तिच्या पाठीमागं मला धरून उभा राहिला.

आता सगळ्यांना लग्न दिसत होतं.
मला पाठ.
कापडी अबोलीचा गजरा, मानेवर सुटलेली एक बट,
खांद्यावरनं खाली माझाच पदर,
वांगी रंगाचा, फोनमध्ये निळा पडलेला.

मालन ओरडली, अरे बाबा, तोंड दाखव की पोरीचं!
त्याला मराठी येत नव्हतं.
नीलव्वानं तेच कानडीत सांगून बघितलं.

मी उठलो. मामानं बसून कसं चालेल?
खड्ड्याच्या मागाशेजारी, अनवाणी,
हात जोडावेत की फोन सावरावा ते न कळून
उभा राहिलो पोरीच्या मागं,
बारा हजार किलोमीटर मागं.

तेव्हा दिसली ती.
पदराच्या तिसऱ्या पट्ट्यात, डाव्या अंगाला,
बाण्याची एक सुटलेली तार.
दुसऱ्या कुणाला दिसायची नाही.
त्या दुपारी इंदूचा फोन होता,
दादा, नाहीच का मग जमत?
बघूया, म्हणालो होतो,
आणि धोटा फेकत राहिलो होतो.
उसवून पुन्हा विणता आलं असतं तेवढं.
विणलं नाही.

सावधान तिकडं एकदा झालं,
आमच्याकडं दोनदा आलं, तेही मधेच तुटून.
अक्षता टाकायच्या कधी?
मालननं आधी टाकल्या, नीलव्वानं उशिरा,
मी मूठ तशीच धरून.
अंतरपाट बाजूला झाला असावा.
पाठ जराशी हलली.
हसली असेल ती, तर मला फक्त खांदे दिसले हसताना.

आणि चित्र थांबलं.
फोनच्या मधोमध गोल फिरत राहिलं
सूत संपलेल्या कांडीसारखं काहीतरी.

बसा की ओ आता, मालन म्हणाली, झालं लगीन.
छलो आत, म्हणाली नीलव्वा,
आणि उशीवर कलंडली.

बसतो, म्हटलं.
पण मंगलाष्टकं संपल्याशिवाय मामा हलत नसतो,
आणि संपली की नाही
हे कुठं कुणी सांगितलं?

तीनच्या सुमाराला करंट गेला.
मूठ उघडली.
तांदूळ घामानं एकमेकांना चिकटलेले,
तळव्याला हळद लागलेली.