सत्तेचाळिसाव्या पानावरचा मासा

एक गुरुवार सोडून एक गुरुवार, साडेदहाच्या सुमारास
मी ग्रंथालयाची व्हॅन चॅपलच्या भिंतीला लावते.
टायवीच्या खोऱ्यात तेव्हा धुकं असतं, नाहीतर मेंढ्या;
लांबून दोन्ही सारखंच.

नेस्ता प्रॉसर पहिली यायची.
गुडघा अधू, पण व्हॅनची पायरी तरातरा चढायची.
तिला हवा असायचा पौर्णिमेला लांडगा होणारा सरदार,
शापित डचेस,
आरशातून आत घसरलेली नर्स,
जी शुद्धीवर येते थेट सतराशे बारा सालात
आणि जिला पहिलाच पुरुष भेटतो तो नेमका देखणा, नेमका बिनलग्नाचा.

"तिथे कुणाची दाढ दुखत नाही गं," नेस्ता म्हणायची.
"मी गेले असते तर पहिल्या दिवशी शेणात पडले असते
आणि दुसऱ्या दिवशी चेटकीण म्हणून जाळलं असतं मला,
चष्म्यासकट."
तरी चार न्यायची. दोन आठवड्यांत चार.

इद्वाल बाहेर लँडरोव्हरमध्ये.
इंजिन कधी बंद करायचा नाही.
"भरली का भुतं?" एवढंच विचारायचा, तेही काच अर्धी उतरवून.

मुखपृष्ठं सगळी एकाच आईची लेकरं,
म्हणून वाचलेलं ओळखायला इथल्या म्हाताऱ्यांच्या खुणा असतात:
कुणी नवव्या पानाचा आकडा गोल करतं,
कुणी शेवटच्या ओळीखाली टिंब देतं.
नेस्ताचा मासा. सत्तेचाळिसाव्या पानाच्या तळाला
पेन्सिलीच्या दोन वाकड्या रेषा, शेपटीशी एकमेकींना कापून गेलेल्या.
नियमाने मी ते मासे पुसायला हवेत.
खोडरबर आहे माझ्याकडे. कोरा आहे.

फेब्रुवारीत ती गेली.
त्या दिवशीही मी सवयीने भिंतीलाच गाडी लावली,
आणि कुणीतरी हळूच काचेवर टकटक केलं,
शववाहिनीला जागा हवी होती.

जूनमध्ये शहरातल्या शाखेतून फिरती पेटी आली.
त्यात एक पुस्तक, एप्रिलमध्ये छापलेलं, डिंकाचा वास न गेलेलं.
सत्तेचाळिसाव्या पानावर मासा.

मी स्टुलावर बसले.
देते ते मीही वाचते, तेव्हा अशा वेळी काय करायचं ते मला पाठ होतं:
बोट टेकवायचं, कानात गुणगुण सुरू होते, जमीन सरकते.
टेकवलं.
चॅपलमागून कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.
मग नीट पाहिलं, तर माशाचं तोंड उलट्या दिशेला होतं,
आणि पेन्सिल इतकी दाबलेली
की एकोणपन्नासाव्या पानावरही त्याचा कणा उमटला होता.

पुढच्या गुरुवारी लँडरोव्हर आली
आणि इंजिन बंद झालं.
त्या शांततेला मी बिचकलेच.
इद्वाल पायरी चढला, टोपी हातात,
अख्खी व्हॅन त्याच्या बाजूला कलली.
"तिसरा भाग आहे का?" कपाटाकडे बघत म्हणाला.
"शहरात नाही. वीस मैल जाऊन आलो.
तो लांडगा अजून त्या तळघरातच आहे."

मी शोधत राहिले. तो बोलत राहिला, पाठमोऱ्या मला.
"मूर्खपणा आहे सगळा. त्या बाईला साधं दूध काढता येत नाही.
पण नेस्ता अर्ध्यात सोडून गेली ना.
आणि खूण मी करतो.
नाहीतर तेच पुस्तक चुकून परत घेईल ती."

घेईल, म्हणाला.
मी परतीच्या तारखेचा शिक्का मारला. शाई जरा जास्तच लागली.

साडेअकराला निघायचं होतं मला.
त्याची गाडी अरुंद वाटेत आडवी, इंजिन थंड,
आत तो पुस्तक स्टिअरिंगवर टेकवून,
ओठ हलवत, वाचत होता;
मध्येच थांबून शेजारच्या सीटकडे बघत होता,
तिकडून काही शेरा येतो का म्हणून.

मी हॉर्न वाजवला नाही.
पुढच्या गावाला चाळीस मिनिटं उशिरा पोचले.
कारण विचारलं,
तर सांगितलं, मेंढ्या.