गोळीला कल्ले नसतात

मिरकरवाड्याच्या बंदरावर आई
सुरमईचा कल्ला बोटानं उचलायची.
लालभडक असला तरच पिशवीत.
करडा दिसला की कोळणीला म्हणायची,
"ही परवाची. माझ्या पोरांना घालू?"
कोळीण शिव्या द्यायची, आई हसायची,
आणि बुधवारी दोघींचं पुन्हा जमायचं.

ग्रिम्सबीतही मासळीच. वासावरूनच मी
हे गाव आपलं म्हटलं, अठ्ठ्याहत्तर साली.
इथंही वाकून बघते, तर दुकानदार टेरी म्हणतो,
"मिसेस सुर्वे, हल्ली डोकं कापूनच येतं."

डोकं नसलेला मासा मी अजून घेतलेला नाही.
पण गोळीला कल्ले नसतात.

ह्यांच्या गोळ्या दोन. एक रक्तदाबाची,
एक रक्त पातळ करणारी.
खोकी दोन्ही पांढरी, दोन्हींवर जांभळी पट्टी,
वर कंपनीचं नाव लग्नाच्या बॅनरसारखं
आणि औषधाचं मुंगीच्या पायाएवढं.
कडेला आंधळ्यांसाठी उठवलेले ठिपके;
ते वाचता येण्याइतके आम्ही आंधळे नाही.

फेब्रुवारीत सकाळचे सात म्हणजे इथं रात्रच.
ह्यांनी एका खोक्यातली दोनदा घेतली,
दुसऱ्यातली घेतलीच नाही, असं चार दिवस.
पाचव्या दिवशी जिन्यावर धप्प.
मी कणीक मळत होते.
तशाच हातांनी नऊ-नऊ-नऊ दाबलं.
फोनच्या त्या बटणात ती कणीक अजून आहे.

खुब्याचं हाड.
"चष्मा नव्हता का लावला?"
नर्सनं विचारलं, मुलीनं विचारलं,
गणपतीला भेटणाऱ्या तिघीजणींनी विचारलं.
खोक्याला कुणी काही विचारलं नाही.

मी पिवळं कार्ड भरलं.
रुग्णाच्या नावाच्या जागी
फक्त आद्याक्षरं मागत होते.
चव्वेचाळीस वर्षं ह्यांचं नाव
उखाण्याशिवाय तोंडात आलेलं नाही.
इंग्लंडच्या सरकारनं माझी लाज राखली.

मग कंपनीला सहा पत्रं. उत्तर एकच, सहा वेळा:
आपली सुरक्षितता आम्हाला मोलाची वाटते.
हे वॉकर टेकत म्हणायचे, "सोड ना गं आता,
माझाच हात चुकला."
चुकला, कबूल.
पण चुकायची सोय कुणी करून ठेवली होती?

शेवटी लीड्सला बैठकीत बोलावलं.
सोबत डोरोथी हॉल्टबी आली, सँडविचं घेऊन.
समोर सात कोट आणि पाण्याचा जग.
मी पिशवीतून दोन्ही खोकी काढली, म्हटलं,
पडदे ओढा. दिवा घालवा. चष्मे टेबलावर ठेवा.
आता ह्यातलं रक्तदाबाचं उचला.

खुर्च्या करकरल्या. एकजण हसला,
त्यानं एक उचललं.
दिवा लागला.
तो हातातल्या खोक्याकडे बघत राहिला.
कुणी टिपून घेतलं, कुणी आभार मानले,
शिवी मात्र एकानंही दिली नाही.
त्याचंच मला वाईट वाटलं.
दिली असती तर
पुढचा बुधवार ठरला असता.

दीड वर्षानं केमिस्टकडचा किअरन म्हणाला,
"नवीन पॅकिंग आलंय बघा."
एका खोक्यावरची पट्टी हिरवी.
का बदलली, कुणी लिहिलं नव्हतं.
डोरोथीला फोन केला, ती रडली,
मग म्हणाली, थांब, केटल बंद करते.

रात्री ओट्यावर दोन्ही शेजारी ठेवली
आणि दिवा घालवला.
अंधारात हिरवं काय, जांभळं काय,
काळंच.

आतून हे म्हणाले, "काय शोधतेस?"

मी खोक्याची कड
बोटानं उचलून बघत होते.