चांदण्यातला टेम्पो

खरं नाव इंग्रजीत होतं, भुर्रकन यायचं नि जायचं,
आम्ही वाचेपर्यंत घोडे सुरू.
म्हणून वडगावच्या आमच्या गल्लीनंच बारसं केलं :
चांदण्यातला टेम्पो.

रात्री साडेदहा. भरमा हुंदऱ्याची केबल.
हिंदीत बोलणारे गोरे लोक, कमरेला पिस्तूल,
पायाखाली तांबडी माती, थेट खानापूरच्या कौलभट्टीची,
आणि वर दोन चंद्र,
त्यातला एक पडद्यावरच्या मुंग्यांनी खाल्लेला.

सगळे हरलेल्या बाजूचे.
मोठी लढाई कधीच संपलेली,
नकाशा दुसऱ्यांनी काढलेला,
आणि हे त्याच्या अगदी काठावर
मिठाची पोती वाहतायत, भाड्यावरून घासाघीस करतायत.
सातेरी कडोलकर म्हणायचा,
"आपल्याला काय समजावून सांगाय लागत नाही बघ."
कुणी काही बोललं नाही त्यावर.

सातेरी उद्यमबागेत मोल्डर.
टेम्पोचं इंजिन खोकलं की हा खुर्चीतून अर्धा उठायचा.
"बेअरिंग गेलंय. पोरगी बरोबर जागी हात घालालीय बघ."
पोरगी म्हणजे जहाजाची मेकॅनिक, गालावर ग्रीस.
शेजारची मल्लव्वा तिला नम्म हुडगी म्हणायची,
ती आली की आवाज वाढवायला लावायची,
हिंदी कळत नसताना.

अकराव्या भागात तेल संपलं.
दिवे गेले. पोरीच्या हातात पाना,
तोंडातून वाफ,
ती वळून काहीतरी सांगणार

दुसऱ्या सोमवारी त्या जागी गोरं व्हायची क्रीम, अर्धा तास.
भरमा म्हणाला, बंद केलीय कंपनीनं, कुणी बघत नाही म्हणे.
आम्ही बघत होतो की.
पण मोजायचं यंत्र आमच्या गल्लीत बसवलेलंच नव्हतं.

मग अर्ज.
अर्ज लिहिण्यात आमच्या भागाचा हात कोण धरणार?
आज्यापासूनचा सराव, मायना तोंडपाठ,
'वरील विषयास अनुसरून' पेनातून आपोआप उतरतं.
एकतीस सह्या, दोन अंगठे, मल्लव्वाची सही कन्नडात.
रजिस्टर पोस्ट. पोच आली, उत्तर नाही.
तेही सवयीचं.

सातेरीनं मात्र फाउंड्रीत उरलेल्या रसातून
एक झडप ओतली, मुठीएवढी.
पडद्यावर पाना जिथं अडकला होता, तिथं बसेल अशी.
कुणी हसलं तर म्हणायचा, लागली तर असू दे.

चार वर्षांनी शहापुरातल्या टॉकीजच्या भिंतीवर
तोच टेम्पो, आठ फूट रुंद.
मालिकेचा सिनेमा झालेला!
कुठल्या गावच्या लोकांनी अर्ज केले असतील कोण जाणे,
त्यांचे पोचले.
चार दिवस, फक्त मॅटिनी.
सातेरीनं हाफ डे टाकला. खिसा जड, मी विचारलं नाही.
आत सतरा डोकी, त्यातली तिघं झोपायला आलेली.

कप्तानाच्या कानशिलावर पिकलेलं.
पोरगी अंगानं भरलेली, ग्रीस तेवढंच.
आणि टेम्पो पहिल्याच सीनला सुसाट.
तेल कुठनं आलं, कुणी दिलं, एक शब्द नाही.
"अरे, पण सुरू झाला कसा?"
सातेरी एवढ्या मोठ्यानं
की झोपलेल्यांतला एक जागा झाला.

मध्यंतरानंतर म्हातारा आचारी मेला,
हातातलं पातेलं खाली न ठेवता.
माल पोचला. उतरवून घेणाऱ्यानं वजनात खोट काढली.
लढाई पुन्हा लढली नाही कुणी.
दिवे लागले, तरी सातेरी बसूनच,
नावं वर सरकत होती ती बघत,
जणू एकतिसांतलं एखादं सापडेल.

बाहेर लख्ख ऊन.
समोरच्या दुकानाच्या पाटीवर एका लिपीला डांबर फासलेलं,
खालून दर तेवढे दिसत होते.
दोन कप चहा घेतला. तो म्हणाला,
"त्या रात्री काय सांगणार होती गा ती?"

ती झडप आता त्याच्या टीव्हीवर असते,
वीजबिलावर ठेवलेली, वाऱ्यानं उडू नये म्हणून.
बिल कन्नडात येतं.
मल्लव्वाचा नातू येऊन आकडा वाचून दाखवतो,
जाताना झडप उचलून बघतो,
कशाची आहे विचारतो,
आणि सातेरी दर महिन्याला
वेगळ्या गाडीचं नाव सांगतो.