वर दम नसेल म्हणून

आभार आत्ताच मानून ठेवते,
वर पोचल्यावर दम नसेल.
आणि पोचलेच नाही,
तर तुम्हाला तोंड दाखवायला
हा एक कागद तरी हाताशी असू दे.

किलकीलच्या बंदरात हेरिंग साफ करण्यात
माझी एकतीस वर्षं गेली.
डोंगर रोज पाठीशी होता;
पाठीशी म्हणजे पाठीमागे.
वळून बघायला सुरीखालच्या माशाने सवड दिली नाही.
स्लीव्ह डोनर्ड, साडेआठशे मीटर.
पाहुण्यांना बोटाने दाखवायचा,
चढायचा नव्हे, असंच आमच्या गल्लीत मानतात.

मग लोर्कनचं दुखणं आलं.
शेवटच्या नऊ रात्री ब्रोना यायची,
दहाला यायची, सहाला जायची.
मी झोपावं म्हणून ती जागायची.
त्या नऊ रात्रींचा हिशेब कुणी मागितला नाही.
संस्थेच्या चिठ्ठीत खाली बारीक अक्षरात होतं:
शक्य झाल्यास.

तर, शक्य करायचं म्हणून
फेब्रुवारीपासून पाठीवर बटाटे घेऊन हिंडते आहे.
आधी दोन किलो, मग चार, आता आठ.
धक्क्याच्या टोकापर्यंत दहा फेऱ्या.
गुडघे कुरकुरतात, सीगल हसतात.
संध्याकाळी त्यातलेच चार बटाटे उकडून खाते,
सकाळी तेवढेच पुन्हा भरते.
पैसे घेतलेत, मापात पाप नको.

यूस्टेस बेकरीवाला:
शंभर मीटरला पाव पौंड, उतरतानाचे धरायचे नाहीत.
मी गणित केलं. दोन पौंड बारा पेन्स.
तरीही आभार, यूस्टेस, वरचा अर्धा पेनी तुला माफ.

लिलावघरातल्या पोरांनी
बर्फाच्या बादलीत चिल्लर जमवली.
तिला अजून बांगड्याचा वास येतो.
बँकेतल्या मुलीने नाक न मुरडता मोजली.
पोरांचे आभार, त्या मुलीचे जरा जास्त.

आर्नुल्फो, ट्रॉलरवरचा, फिलिपाइन्सचा,
घरी पाठवायच्या पैशांतून दहा काढून म्हणाला,
आमच्या गावचा डोंगर अधूनमधून धुमसतो,
तुमचा झोपलेला आहे. घाबरू नका.

सोळा नंबरच्या छोट्या नीव्हने
फूल ना फुलाची पाकळी म्हणून
पन्नास पेन्स दिले, आणि स्वतःची शिट्टी.
धुकं आलं तर वाजव, म्हणाली.
न आलं तरी वाजवीन, बाळ.

सातव्या ओळीत इमेल्डा.
लोर्कनची बहीण.
अकरा वर्षं आम्ही
एकमेकींच्या घशात काट्यासारख्या अडकून आहोत.
चाळीस पौंड.
नाव आडनावासकट लिहिलंय,
जणू मी ओळखणार नाही.
फोन उचलला. ठेवला.
इमेल्डा, तुझं अक्षर अजून त्याच्यासारखंच आहे,
एवढंच सांगायचं होतं.

एक गोष्ट लपवली होती.
एप्रिलात एकटीच जाऊन आले,
माथ्यावरून जाते ना ती दगडी भिंत, तिथवर.
वारा असा, की डोळ्यांतलं पाणी कानात गेलं.
आडोशाला एक मेंढी बसली होती.
मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे,
आणि मी परत फिरले.
पैसे दिलेल्यांना हे माहीत असावं.
कुणाला परत हवे असतील तर आज रात्रीपर्यंत सांगा.

उद्या सहाला निघायचं.
बूट दाराशी, शिट्टी गळ्यात,
सँडविच तीन, त्यातलं एक उगाच.
ब्रोना येणार नाही.
तिची पाळी आहे रॉस्ट्रेव्हरच्या कुठल्याशा घरात;
मी गजर बंद करेन तेव्हा
तिथे कुणीतरी झोपलेलं असेल, ती जागी आहे म्हणून.

बटाटे पिशवीतून काढून ठेवलेत.
उद्या पाठ हलकी लागेल.
त्याची सवय मात्र केलेली नाही.