कर्ता

दर मंगळवारी, सव्वासहाला,
लाँगटनच्या बंद पडलेल्या कपबशांच्या कारखान्यात,
वरच्या खोलीत. हीटर एकाच बाजूने तापतो.
मी दुभाषी. ताशी पैसे मिळतात.
नियम असा, की समोरची बोलेल तेवढंच सांगायचं,
पदरचा एक शब्द घालायचा नाही, एक गिळायचा नाही,
आणि तिचं नाव कुठेही न्यायचं नाही.
इथेही आणलेलं नाही.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "झालं."
हेदर पेन धरून थांबली. मीही.
झालं.
जसं उजाडलं. जसं सांजावलं.
सातवीत व्याकरणाच्या बाई सांगायच्या,
काही वाक्यांना कर्ताच नसतो, उगीच शोधत बसू नका.
आम्ही वहीत लिहायचो, कर्ता: नाही.
मी म्हटलं, इट हॅपन्ड.
हेदरने लिहून घेतलं, पावसाची नोंद घ्यावी तसं.

पुढच्या खेपेला म्हणाली, "अब्रू गेली."
गेली म्हणजे
चपला घालून, दार ओढून, आपल्या पायांनी गेली.
हे वाक्य इंग्रजीत उभंच राहीना.
कुणी नेली, हेदरने विचारलं.
ती माझ्याकडे बघत राहिली,
जणू मीच विचारलं होतं.
मग हळू म्हणाली, "मोठे दीर. ते घरातले कर्ते आहेत हो.
ह्यांची नोकरी, माझा व्हिसा, घराचा हप्ता,
सगळं तेच..."

कर्ते.
पाणी प्यायले. पेला ठेवला. पुन्हा उचलला.
शेवटी म्हटलं, घरातले मोठे.
अकरा वर्षांत इतकं तोकडं भाषांतर केलं नव्हतं.

खाली ग्लेनिसचा मातीचा वर्ग.
बत्तीस वर्षं तिने कपांना कान लावले,
कारखान्याला कुलूप लागेपर्यंत.
येईल तिला 'डक' म्हणते. म्हणजे बदक, मी सांगितलं,
तेव्हा ती हसली, हात मातीचे म्हणून
मनगटाने तोंड झाकत.
इथे कुणी कुणाला काही विचारत नाही.
माती आधी आपटायची,
आत हवा राहिली तर भट्टीत तडकते.
ती तीन मंगळवार नुसती आपटत होती.
ग्लेनिस किल्ल्या खिशात टाकून
खिडकीशी उभी.

एकदा आपटता आपटता म्हणाली,
"आमच्यात म्हणतात, बाईची अब्रू म्हणजे काचेचं भांडं."
मी सांगितलं.
ग्लेनिस म्हणाली, "काचेचं मला नाही कळत, डक.
आमच्याकडे काही फुटलं
की फोरमन यायचा. पाडलं कुणी, विचारायचा.
कपाला नाही विचारलं कधी कुणी."
हेही मी सांगितलं. जेवढ्यास तेवढं.
ती काही बोलली नाही. माती ओली करायला गेली.
नळ बराच वेळ चालू होता.

मार्चमध्ये भट्टी उघडली.
तिची वस्तू बसकी, एका अंगाला कललेली,
ना वाटी ना पणती. झिलई एका जागी लागलीच नव्हती.
ग्लेनिसने चिठ्ठ्या लिहिता लिहिता विचारलं, हे कुणी केलं?
मी तोंड उघडायच्या आत
ती म्हणाली, "मी केलं."
मराठीतच म्हणाली. ग्लेनिसने मान हलवून
चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली.

वरती हेदर निघायच्या तयारीत होती.
ही दारात उभी राहिली, हातात ते गरम भांडं.
"त्यांनी केलं," म्हणाली.
थांबली.
"त्याने. त्याने केलं."

इंग्रजीत दोन्हींना शब्द एकच.
मी तेवढंच सांगितलं असतं तर नियमात बसलं असतं.
पण मी म्हटलं, हेदर, थांब,
हिने आत्ता त्या माणसाचं
अहो-जाहो काढून घेतलं.

हेदर कोटाच्या एका बाहीत हात घातलेली,
तशीच खाली बसली.