पडद्यामागचा डावखुरा

पुढं बसणाऱ्याला दोन पैसे,
पडद्याच्या मागं एकच.
चार धोतरं जोडून शिवलेला पडदा
बाबा बादलीभर पाण्यानं भिजवायचे,
म्हणजे चित्र दोन्हीकडं सारखं उमटे.
सारखं, फक्त उलटं.

एवढ्यावरून गावात दोन तट पडले.
पुढचे म्हणत, तलवार उजव्या हातात.
मागचे म्हणत, डाव्या.
माझी आई मागच्यांतली,
आणि तिचा भाऊही डावखुरा, म्हणून जास्तच ठाम.

डबे पाच.
खाणीवरचा पोलंडचा इंजिनिअर तापानं गेला,
त्याच्या सामानाच्या लिलावात
बाबांनी मशीनसकट उचलले, बैलाच्या किमतीत.
झाकणावरचं नाव
खिरटकर मास्तरांनी तीन दिवस लावून वाचलं: झिगमुंट.
गावानं तासाभरात त्याचा झिंगरू केला.

पहिल्या डब्यात झिंगरू हाटेलातला पोऱ्या.
बशा घेऊन तीनदा येतो,
त्यातही एकदा नुसती पाठ.
दुसऱ्यात घोडा मिळाला.
तिसऱ्यात मिशी, बाई, आणि आभाळातून पडणारं पांढरं.
बाबा ओरडायचे, "जिनिंग फुटली बाप्पा, जिनिंग!"
आणि मागं बसलेल्या येचणाऱ्या बाया
पदर झटकायच्या.
चौथ्यात तो कुणाचा तरी बाप.
केस पिकवलेले की पिकलेले, कळत नाही.
पाचव्यात मरतो.

हँडल मी फिरवायचो.
हात दुखला की तो सावकाश चालायचा,
लोक म्हणायचे, थकला बिचारा.

मधे मधे अक्षरं यायची.
बाबा खाकरून झिंगरूच्या तोंडचं बोलायचे:
"माय, मी लढाईले चाललो.
बैलाले कडबा टाकजो."
पडद्यावरची गोरी म्हातारी रडायची,
आमच्याही.

पुढं कुणी यवतमाळहून सांगत आलं,
आता सिनेमे बोलाले लागले.
बाबा म्हणाले, "आपला तं पैलेपासून बोलते."
पण त्या रात्री जेवताना मधेच थांबून म्हणाले,
"त्याचा खरा आवाज कसा असंल रे?"

एकदा जत्रेच्या घाईत डबे उलटे लागले.
झिंगरू आधी मेला,
मग बाप झाला, मग नवरदेव, मग घोडेस्वार,
आणि शेवटी कोपऱ्यात, बशा घेऊन उभा.
पुंजाराम तेली बिडी विझवत म्हणाला,
"मरून हाटेलात लागला पोट्टा.
काई तरी पाप असंल."
कुणी हसलं नाही.

डब्यात चिकटवलेल्या कागदावर पत्ता होता, वार्साचा.
आई मास्तरांच्या ओट्यावर जाऊन बसली.
लिवा म्हणे, तुमी कोन्या हातानं जेवता?
आनि लिवा, इकडं तुमाले लोक वयखते.
मास्तरांनी इंग्रजीतून लिहिलं.
तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, पोट्टे लाकडी बैल ओढत असताना,
मी ते पेटीत टाकलं.

तुरीला शेंगा धरल्या तेव्हा ते परत आलं.
वर शिक्का होता.
मास्तर म्हणाले, त्या देशाचं टपाल बंद आहे.
देश बंद म्हणजे काय, आईनं विचारलं.
मास्तरांनी पेपर वाचून दाखवला.
बाबांनी दोन बाजार खेळ लावला नाही.
तिसऱ्या बाजारी लावला, पण पाचवा डबा घेतलाच नाही.
पुन्हा कधीच घेतला नाही.

पुढं सदूभाऊ कचारी आला. फिलिम धुऊन
बांगड्या करतात म्हणे शहरात.
वजनावर गेला झिंगरू,
बशा, घोडा, बर्फ, सगळ्यासकट.
पाचवा डबा बाबांनी वेगळा काढून ठेवला होता.
मागाहून त्यात फक्त आंबूस वासाची भुकटी निघाली.

पत्र तेवढं माझ्याकडं आहे.
पाकीट मी फोडलं नाही.
आईनं सांगितलं तेच मास्तरांनी लिहिलं
की आपल्या मनचं,
कोण जाणे. मास्तर पुढं बसायचे.